परत आलेली प्लेट

इटालियन पद्धतीच्या उपाहारगृहातून निराश होऊन निघणारी माणसे सहसा तक्रार करत नाहीत. कॅप्टनने, म्हणजे ऑर्डर घेणाऱ्या मुख्य वाढप्याने, विचारले तर ‘छान होतं’ म्हणतात, बिल देतात आणि जातात. खरे काय झाले ते त्यांच्या टेबलावरून उचललेल्या प्लेटा सांगतात. एका प्लेटमध्ये गार होऊन गठ्ठा झालेला पास्ता असतो, दुसरीत मधला ओला भाग सोडून दिलेला पिझ्झा, तिसरीत दोन घास खाऊन बाजूला सारलेला रिसोटो. भांडी घासायला जाण्याआधी या प्लेटा ज्याच्या डोळ्यांसमोरून जातात तो म्हणजे पास्त्याच्या किंवा पिझ्झाच्या सेक्शनवर उभा असलेला कॉमी, स्वयंपाकघराच्या उतरंडीतला सर्वांत धाकटा आचारी. काही महिने काम केल्यावर कोणती प्लेट परत येणार हे त्याला ती बाहेर जातानाच कळू लागते. निराशा टेबलावर जन्माला येत नाही. सकाळी अकराच्या तयारीत, मेन्यू छापताना आणि खर्चाचा हिशेब मांडताना तिची सुरुवात झालेली असते. ती कुठे आणि कशी होते, हे समजून घेण्यासारखे आहे.

पुण्यात कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, बाणेर आणि मुंबईत वांद्रे, लोअर परळ या भागांत अशी उपाहारगृहे मोठ्या संख्येने उभी राहिली. उघड्या विटांच्या भिंती, पिवळसर मंद दिवे, दर्शनी भागात पिझ्झाची भट्टी आणि फळ्यावर खडूने लिहिलेले पदार्थ ही त्यांची ओळख. येणाऱ्या पाहुण्यांची जीभ मात्र आधीच घडलेली असते. १९९६ मध्ये मोठ्या अमेरिकी पिझ्झा साखळ्या भारतात आल्या आणि भरपूर चीज, ओरेगॅनो व चिली फ्लेक्सच्या पुड्या, सोबत गार्लिक ब्रेड म्हणजे इटालियन जेवण अशी एका पिढीची समजूत झाली. नव्या उपाहारगृहांना या पिढीला सांभाळायचे असते आणि अस्सलपणाचे वचनही द्यायचे असते. स्वयंपाकघरातली पुढची ओढाताण इथूनच सुरू होते.

तीन सॉस आणि लांबलचक मेन्यू

नव्या कॉमीला पहिल्या आठवड्यात जे शिकवतात ते पदार्थ नसतात, सॉस असतात. पांढरा, लाल आणि गुलाबी. पांढरा म्हणजे लोणी-मैदा परतून त्यात दूध घालून केलेला बेशामेल, त्यावर क्रीम. लाल म्हणजे टोमॅटोचा. गुलाबी म्हणजे या दोन्हींचे मिश्रण. मेन्यूवर तीस-पस्तीस पास्त्यांची नावे असली तरी त्यातले बहुतेक या तीन डब्यांतून निघतात. पेने, फुसिली, स्पॅगेटी, फेत्तुचिने असे आकार बदलायचे, मशरूम किंवा चिकन किंवा ब्रोकोली घालायची, की नवे नाव तयार. पाहुणा दुसऱ्यांदा येतो, वेगळे काहीतरी मागवतो आणि पहिल्या वेळचीच चव पुन्हा समोर आली असे त्याला वाटते. त्याचे वाटणे बरोबर असते.

इटलीत आकार आणि सॉस यांची जोडी विचाराने बांधलेली असते. रुंद, चपट्या पट्ट्यांवर मांसाचा दाट सॉस धरतो, म्हणून बोलोन्यात रागू हा सॉस ताल्यातेल्लेबरोबर खातात. रागूची पाककृती १९८२ मध्ये त्या शहराच्या व्यापार मंडळात नोंदवलेली आहे. बारीक स्पॅगेटीवर तोच सॉस टिकत नाही, घसरून तळाशी बसतो आणि शेवटी प्लेटमध्ये नुसता खिमा उरतो. कार्बोनारामध्ये अंड्याचा बलक, पेकोरिनो चीज, डुकराच्या गालाचे खारवलेले मांस आणि मिरी एवढेच असते. दाटपणा बलकाने आणि पास्त्याच्या पाण्याने येतो, क्रीमने नाही. अल्फ्रेडोचेही तसेच. रोममध्ये आल्फ्रेदो दी लेलिओ यांच्या उपाहारगृहामुळे प्रसिद्ध झालेल्या या पास्त्यात लोणी आणि पार्मिजानो चीज होते. क्रीम त्यात अमेरिकेत शिरले.

क्रीम आपल्याकडेही टिकले ते केवळ चवीसाठी नव्हे. बलकाचा सॉस आचेवर काही सेकंद जास्त राहिला तर त्याची अंडाभुर्जी होते. लोणी आणि चीजचा सॉस हात चुकला तर फुटतो. क्रीम फुटत नाही, वाट पाहते, पुन्हा गरम केले तरी चालते. शनिवारी रात्री चार शेगड्यांवर सहा पातेल्या सांभाळणाऱ्या आचाऱ्याला क्रीम सुरक्षित वाटते. चुकण्याची शक्यता कमी होते, पण चवही एका पट्टीवर येऊन थांबते. चौथ्या घासाला जिभेवर साय चढते आणि पाहुणा चिली फ्लेक्सची बाटली उचलतो. बाटलीकडे हात गेला, की कॉमीने समजून घ्यावे, प्लेटमध्ये काहीतरी कमी आहे.

पास्त्याचे पाणी

पास्ता शिजवण्याचा इटालियन घरगुती नियम सोपा आहे. १०० ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. पाणी खळखळत असावे, स्पॅगेटीला आठ ते अकरा मिनिटे द्यावीत आणि दाताखाली मध्यभागी किंचित प्रतिकार लागेल तेव्हा काढावा. याला ‘अल देन्ते’ म्हणतात. पुढचे मिनिटभर तो सॉसच्या पातेल्यात राहतो, त्यात पळीभर पास्त्याचे पाणी घातले जाते. त्या पाण्यात पिष्ट उतरलेले असते. मराठी घरात भात शिजताना वर येतो तो मांड आणि हे पाणी एकाच जातीचे. या मांडामुळे तेल आणि पाणी एकजीव होते, सॉस पास्त्याला चिकटतो आणि क्रीमशिवाय चकाकी येते.

पास्ता कशाचा आहे यावरही बरेच ठरते. इटलीत १९६७ च्या कायद्याने सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच असावा असे बंधन घातले. ड्युरम महाराष्ट्राला परका नाही. बन्सी गहू म्हणून आपण ओळखतो तो याच वर्गातला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ‘एमएसीएस ३१२५’ आणि ‘एमएसीएस ४०२८’ असे ड्युरमचे वाणही विकसित केले आहेत. या गव्हाचा दाणा कडक आणि प्रथिने भरपूर, त्यामुळे शिजताना प्रथिनांची जाळी पिष्टाला धरून ठेवते. बन्सी रव्याचा उपमा मोकळा होतो तो याच गुणामुळे. स्वस्त पास्त्यात मऊ गव्हाचे पीठ जास्त असेल तर ती जाळी लवकर सुटते आणि बाहेरून लगदा, आतून पिठूळ अशी अवस्था येते.

चांगला पास्ता आणला तरी वेळेचा प्रश्न उरतो. ऑर्डर आल्यावर कोरडा पास्ता पाण्यात टाकायचा तर प्लेट बाहेर जायला पंधरा मिनिटे लागतात. म्हणून बहुतेक ठिकाणी सकाळीच पास्ता ब्लांच करतात. सहा-सात मिनिटे उकळायचा, गार पाण्याखाली धुवायचा, तेल चोळून डब्यांत भरायचा आणि फ्रीजमध्ये ठेवायचा. केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, आली की मूठभर पास्ता जाळीच्या झाऱ्यात घालून अर्धे मिनिट गरम पाण्यात बुडवायचा आणि सॉसमध्ये ढकलायचा. पाच मिनिटांत प्लेट पासवर, म्हणजे वाढप्यांकडे सोपवायच्या ओट्यावर.

या पाच मिनिटांची किंमत प्रत्येक पायरीवर मोजली जाते. धुताना वरचे पिष्ट निघून जाते, म्हणजे सॉस धरणारी चिकटच जाते. तेलाचा थर बसला की सॉस निसटतो. डब्यात राहिलेला पास्ता स्वतःतला ओलावा शोषत फुगत राहतो, दुपारचा डबा रात्री दहाला काढला तर त्यात दाताखाली लागेल असे काही उरत नाही. अर्धे मिनिट बुडवून बाहेरून गरम झालेला पास्ता आत थंडच असतो, म्हणून टेबलावर पोचेपर्यंत प्लेट कोमट होते. ज्या पाण्यात पास्ता शिजला ते सकाळीच मोरीत गेलेले असते. रात्रीच्या सॉसला मांड मिळत नाही, त्याची जागा पुन्हा क्रीम घेते.

भाकरी करणाऱ्या कोणत्याही घराला हे समजावून सांगावे लागत नाही. भाकरी तव्यावरून थेट ताटात पडते, खाणारा आधी पाटावर बसतो. पंगतीत पान मांडून झाल्यावर गरम भात येतो. पास्ता हा त्याच जातीचा पदार्थ आहे. तो साठवण्याचा नाही, त्याच क्षणी खाण्याचा आहे. वरण, रस्सा, बिर्याणी हे पदार्थ मुरतात आणि काही तासांनी अधिक चांगले लागतात. मोठ्या स्वयंपाकघरांची आपली शिस्त अशा मुरणाऱ्या पदार्थांवर घडली आहे. तीच शिस्त पास्त्याला लावली, की काम सुरळीत होते आणि जेवण फसते.

अठरा मिनिटांचा भात

रिसोटोची गोष्ट आणखी अवघड. आर्बोरियो किंवा कार्नारोली जातीचा आखूड, पिष्टाळ तांदूळ लोण्यात परततात, वाइन घालतात आणि मग गरम स्टॉक थोडा थोडा घालत, ढवळत सोळा ते अठरा मिनिटे शिजवतात. शेवटी आचेवरून उतरवून थंड लोणी आणि चीज जोराने फेटतात. प्लेट हलवली तर भात लाटेसारखा पसरला पाहिजे. एका आचाऱ्याने एका पातेल्यासमोर अठरा मिनिटे उभे राहणे ही त्याची मूळ अट आहे.

गर्दीच्या रात्री ही अट पाळता येत नाही, म्हणून भात सकाळीच सत्तर टक्के शिजवून पसरट ट्रेमध्ये गार करतात. ही पद्धत जगभरच्या चांगल्या स्वयंपाकघरांतही चालते आणि नीट केली तर निभावते. भात पातळ पसरून लगेच थंड करावा लागतो, त्याच दिवशी संपवावा लागतो आणि शेवटची पाच-सहा मिनिटे खऱ्या स्टॉकमध्ये शिजवावी लागतात. ट्रेमध्ये तो जाड थराने भरला, झाकला आणि दुसऱ्या दिवशी वापरला, स्टॉकऐवजी पाण्यात तयार स्टॉकची चौकोनी वडी विरघळवली आणि बांधायला क्रीम घातले, तर समोर येतो तो चीज घातलेला मऊ भात. मुगाच्या खिचडीवर वाढलेल्या माणसाला त्यात विशेष काही सापडत नाही. खिचडी निदान गरम असते, तिच्यावर तूप असते, आणि तिची किंमत सातशे रुपये नसते.

भट्टी

नेपल्सच्या पिझ्झाची संघटना १९८४ पासून त्याचे नियम सांभाळते आहे आणि २०१७ मध्ये युनेस्कोने तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला मानवी वारशाच्या यादीत घेतले. नियमांप्रमाणे भट्टीच्या घुमटाखाली सुमारे ४८५ अंश सेल्सिअस उष्णता असते आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत होतो. एवढ्या कमी वेळात कडा फुगते, वर काळे ठिपके येतात आणि आतला ओलावा टिकतो. भट्टी २५० ते ३०० अंशांवर असली तर त्याच पिझ्झाला सहा-सात मिनिटे लागतात. तोवर पाणी उडून जाते आणि कड बिस्किटासारखी होते. तोही चांगला पिझ्झा होऊ शकतो, पण त्यासाठी पिठाचे प्रमाण वेगळे हवे, तेल हवे, पसरण्याची जाडी वेगळी हवी. नेपल्सचे पीठ आणि कमी आचेची भट्टी यांची जोडी जमत नाही.

दर्शनी भागातली लाकडाची भट्टी सजावट म्हणून अनेकदा नीट बांधलेली असते, पण तिची निगा कोणाकडे नसते. ती तापायला काही तास लागतात. लाकूड ओले असेल तर धूर होतो आणि फरशी थंड राहते. एकामागून एक पिझ्झा टाकले की फरशीची उष्णता शोषली जाते, तिला पुन्हा तापायला अवधी द्यावा लागतो. रात्री साडेनऊला पासवर बारा केओटी लटकत असताना हा अवधी कोणी देत नाही. मग वरून काळपट, खालून पांढरा आणि मध्ये ओला असा पिझ्झा बाहेर जातो. त्यात मोझरेला ताजे, पाण्यातले असेल आणि ते गाळून ठेवलेले नसेल तर मधला भाग भिजतोच. पाहुणा त्रिकोण उचलतो, टोक खाली झुकते आणि सगळे चीज घसरून प्लेटमध्ये पडते.

पीठ हा त्याहून खोल विषय आहे. मैदा, पाणी, मीठ आणि थोडे यीस्ट एवढ्यावर ते आठ ते चोवीस तास फुगते आणि या वेळात चव तयार होते. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत स्वयंपाकघराचे तापमान चाळीस अंशांपर्यंत जाते तेव्हा तेच पीठ काही तासांत आंबून सैल पडते. पावसाळ्यात हवेत ओल असते, मैदाही ओल धरतो, पाणी कमी करावे लागते. इडलीचे पीठ थंडीत उबेला ठेवणारी आणि उन्हाळ्यात लवकर उचलणारी गृहिणी हेच शास्त्र जाणते. उपाहारगृहात मात्र हे जाणणारा एकच आचारी असतो, त्याची सुट्टी असते त्या दिवशी पिझ्झा वेगळा होतो. ‘मागच्या वेळी फार छान होता’ या वाक्याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो.

टोमॅटो, सब्जा आणि चीज

पुणे जिल्ह्यातले नारायणगाव ही टोमॅटोची मोठी बाजारपेठ आहे, त्यामुळे पुण्याच्या स्वयंपाकघरांना ताज्या टोमॅटोची वाण नाही. पण दूरच्या बाजारात पोचण्यासाठी निवडलेला टोमॅटो जाड सालीचा आणि आंबट असतो. इटालियन सॉसला लागणारा गर दाट, गोडसर आणि कमी बियांचा हवा. म्हणून सॉस मंद आचेवर बराच वेळ आटवावा लागतो, कांदा-गाजराने गोडी आणावी लागते. वेळ नसला की साखर आणि केचप येते. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटो दोनशे रुपये किलोच्या वर गेला, तेव्हा अनेक स्वयंपाकघरांत लाल सॉस पातळ झाला आणि डब्यातली प्युरे वाढली. मेन्यूवरचे नाव आणि किंमत तीच राहिली.

बेसिलबाबत असाच एक घोळ आहे. पेस्तो या हिरव्या सॉससाठी लागणारे गोड बेसिल म्हणजे आपल्याकडचा सब्जा, ज्याचे बी फालुद्यात घालतात. तुळस त्याची नातेवाईक असली तरी निराळी वनस्पती आहे, तिचा वास लवंगेच्या जवळ जातो. पुरवठादाराकडून माल कमी आला की तुळशीची पाने मिसळण्याचा मोह होतो आणि पेस्तोला काढ्याचा वास येतो. शिवाय पेस्तो आचेवर गरम करायचा नसतो. पास्त्याच्या उष्णतेवर तो सैल होतो. पातेल्यात उकळला की हिरवा रंग काळपट होतो आणि लसूण कडवट. चिलगोज्याऐवजी काजू किंवा बदाम घातले तर काही बिघडत नाही, इटलीतही लोक हाताशी असेल ते घालतात. बदल करणे चुकीचे नाही. बदल न सांगणे चुकीचे आहे.

चीजमध्ये हे न सांगणे सर्वांत जास्त होते. पार्मिजानो रेज्जानो किमान बारा महिने मुरवलेले असते आणि ते करताना वासराच्या जठरातले रेनेट हे दूध गोठवणारे द्रव्य वापरतात. त्यामुळे शाकाहारी पाहुण्याला ते चालत नाही. शाकाहारी उपाहारगृहाने सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटचे चीज वापरणे योग्यच आहे. पण मेन्यूवर पार्मिजानो लिहून तसे चीज वाढणे म्हणजे दोन्ही बाजूंनी फसवणूक. जो शाकाहारी आहे तो विनाकारण घाबरतो आणि ज्याला पार्मिजानो हवे आहे त्याला ते मिळत नाही. वनस्पती तेलापासून केलेले चीजसदृश पदार्थ वितळतात, ताणले जातात, छायाचित्रात छान दिसतात, पण गार झाले की रबरासारखे होतात. परत आलेल्या प्लेटमध्ये ते लगेच ओळखू येतात.

तिरामिसूही याच वाटेने जाते. इटलीच्या ईशान्येकडील व्हेनेतो प्रांतात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रसिद्ध झालेले हे गोड म्हणजे मास्कारपोने चीज, अंड्याचा बलक, साखर, कडक कॉफी आणि तीत बुडवलेली हलकी बिस्किटे. मास्कारपोने महाग म्हणून त्यात फेटलेले क्रीम वाढवत नेले, बिस्किटाऐवजी केकचा तुकडा घातला आणि कॉफी सौम्य केली, तर हाती कॉफीच्या वासाची पेस्ट्री उरते.

चव न घेतलेले हात

वरच्या चुका वाचून दोष आचाऱ्याला द्यावासा वाटतो. प्रत्यक्ष काम पाहिले की तो दोष तिथे थांबत नाही. अशा उपाहारगृहांच्या स्वयंपाकघरात मराठवाड्यातून, कोकणातून, उत्तराखंडातून, ईशान्य भारतातून, नेपाळमधून आलेली विशी-पंचविशीतली मुले असतात. ब्रेक शिफ्टमध्ये ती सकाळी अकराला येतात, दुपारी दोन-तीन तास मोकळी होतात आणि संध्याकाळी परतून मध्यरात्रीपर्यंत उभी राहतात. त्यांचे स्टाफ मील म्हणजे डाळ, भात, एक भाजी. जो कॉमी दिवसाला साठ प्लेट पास्ता बाहेर पाठवतो, त्याने एक पूर्ण प्लेट बसून, गरम असताना, पाहुण्यासारखी खाल्लेली नसते. चमच्याच्या टोकाने सॉसचे मीठ पाहणे त्याला शिकवलेले असते. पास्ता चावून पाहणे बहुतेक ठिकाणी शिकवलेले नसते.

बाहेर टेबलांवर वाढणाऱ्या स्टुअर्डची स्थिती तीच. त्याला पदार्थांची नावे पाठ करून घेतलेली असतात. कार्बोनारात काय असते हे तो सांगू शकतो, ते कसे लागते हे सांगू शकत नाही, कारण त्याने ते कधी चाखलेले नसते. पाहुण्याने विचारले, ‘यातलं हलकं काय आहे?’ की तो सर्वांत जास्त खपणाऱ्या पदार्थाचे नाव घेतो. स्वयंपाकाचे ज्ञान पुस्तकातून थोडे आणि जिभेवरून फार येते. आई मुलीला आमटी शिकवते तेव्हा ती आमटी तिने वर्षानुवर्षे खाल्लेली असते, काय गाठायचे आहे ते तिला ठाऊक असते. या मुलांना पोचायचे ठिकाण न दाखवता चालायला सांगितलेले असते. त्यांच्या हातात कसब असते, मेहनत करण्याची तयारी असते. उणीव असते ती एका गरम प्लेटची, जी त्यांच्यासमोर एकदा ठेवायला हवी होती.

कच्चा की शिजलेला

पाहुण्यांच्या बाजूने पाहिले तर प्रश्न आणखी गुंततो. पास्ता मऊ झाला म्हणून प्लेट परत येते, तशी तो कच्चा राहिला म्हणूनही येते. भात मऊ शिजवून खाण्याची सवय असलेल्या घरात अल देन्ते पास्ता अर्धकच्चा वाटणे स्वाभाविक आहे. आजी-आजोबा सोबत असतात, दातांचा प्रश्न असतो. जैन कुटुंबाला कांदा-लसूण चालत नाही. कोणाला अंड्याचा वास नको असतो. या मागण्या अज्ञानातून आलेल्या नसतात, त्या त्यांच्या जगण्यातून आलेल्या असतात आणि त्यांचा मान राखला पाहिजे.

चूक होते ती यावर शोधलेल्या उपायात. दोन-तीन प्लेटा ‘कच्चा’ म्हणून परत आल्या की व्यवस्थापक सकाळच्या पास्त्याचा वेळच वाढवायला सांगतो. आता सर्वांनाच मऊ पास्ता मिळतो. ज्याला तसा हवा होता तो समाधानी होतो असेही नाही, कारण तो कोमट असतो. ज्याला दाताखाली लागणारा हवा होता तो काही न बोलता निघून जातो. सर्वांना थोडे थोडे खूश करण्याच्या प्रयत्नात प्लेट कोणाचीच राहत नाही. अनुभवी कॅप्टन हे एका वाक्याने सोडवतो. ऑर्डर घेतानाच तो विचारतो, ‘पास्ता थोडा कडक चालेल की मऊ करून देऊ?’ ते उत्तर केओटीवर लिहिले जाते आणि कॉमीला दोन मिनिटे जास्त उकळायचे की नाही हे कळते. खर्च काहीच नाही, फक्त विचारायची आठवण हवी.

बिल

जेवण मनासारखे झाले तर बिल कोणी दोनदा वाचत नाही. फसले की प्रत्येक ओळ वाचली जाते. नोव्हेंबर २०१७ पासून बहुतेक उपाहारगृहांवर पाच टक्के जीएसटी आहे आणि तो द्यावाच लागतो. सर्व्हिस चार्ज हा कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तो आपोआप बिलात लावू नये अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती ग्राह्य धरली. आवडले तर पाहुण्याने स्वेच्छेने द्यावे, एवढाच त्याचा अर्थ.

किमतीचा मोठा भाग भाड्यात, सजावटीत, आयात मालात आणि मधल्या रिकाम्या दिवसांत जातो. सोमवारी दुपारी रिकाम्या राहिलेल्या खुर्च्यांचा खर्च शनिवारी रात्रीच्या प्लेटवर चढतो. मालकाची अडचण खोटी नसते. पण पाहुणा भिंतीवरच्या विटांसाठी पैसे देतो तेव्हा प्लेटमध्येही तेवढाच विचार झाला असेल असे गृहीत धरतो. विटांवर खर्च झाला आणि पास्त्याच्या दहा मिनिटांवर झाला नाही, हे त्याला पहिल्या घासाला कळते. या जेवणातला सर्वांत महाग जिन्नस आयात केलेले चीज नाही. तो वेळ आहे आणि मेन्यू ठरवताना त्याचाच हिशेब राहून जातो.

प्लेट परत येऊ नये म्हणून

निराशा टाळणारी स्वयंपाकघरेही आहेत आणि त्यांचे उपाय साधे आहेत. मेन्यू तीस पास्त्यांवरून आठांवर आणला की प्रत्येक ऑर्डरीला कोरडा पास्ता उकळणे शक्य होते. दिवसभर उकळत्या पाण्याचे भांडे चालू राहते आणि मांड हाताशी राहतो. रिसोटोसमोर ‘पंचवीस मिनिटे लागतील’ असे लिहिले तर पाहुणा आनंदाने थांबतो, कारण त्याला आधी सांगितलेले असते. बेसिल नसेल त्या दिवशी पेस्तो बंद ठेवता येतो. चीज जे असेल त्याचेच नाव लिहिता येते. आठवड्यातून एकदा सेवा सुरू होण्याआधी मेन्यूतला एक पदार्थ सर्व कर्मचाऱ्यांसाठी पूर्ण प्लेटभर करून, बसून खाता येतो. यातले काहीही इटलीतून मागवावे लागत नाही.

पाहुण्यालाही एक गोष्ट करता येते. पहिल्या दोन घासांत काही बिघडलेले वाटले तर तिथेच, शांतपणे आणि नेमके सांगावे: गार आहे, खारट आहे, मऊ झाला आहे. चांगल्या ठिकाणी प्लेट बदलून मिळते आणि ती बातमी पासवरून आत जाते. घरी जाऊन लिहिलेली नाराजी मालकापर्यंत पोचते, फार तर व्यवस्थापकापर्यंत. ज्या हातांनी तो पास्ता पातेल्यात परतला त्यांच्यापर्यंत ती येत नाही आणि आली तरी कोणत्या रात्रीची, कोणत्या डब्यातली ते कळत नाही. कारणासह परत आलेली प्लेट मात्र कॉमीला त्याच मिनिटाला शिकवते.

शिकण्याची खूण अगदी लहान असते. झाऱ्यातला पास्ता सॉसमध्ये टाकण्याआधी एक काडी उचलायची, तोंडात टाकायची आणि चावून पाहायची. कोणी सांगितले नसतानाही प्रत्येक प्लेटला असे करणारा कॉमी दिसला, की त्या सेक्शनवरून परत येणाऱ्या प्लेटा कमी होतात.